आत्या पाचवीत जाते

आमची आत्या शिक्षकांना शिकवायची. म्हणजे शाळेत शिकवावं कसं, हे ती अध्यापक महाविद्यालयात शिकवायची. पाठाच्या टाचणात उद्दिष्ट लिहिलेलं नसलं, की ती ते टाचण न वाचताच परत करायची. त्यामुळे विद्यार्थी तिला पाठीमागे 'उद्दिष्टबाई' म्हणत. घरी आतोबांनी नुसतं "जरा बाहेर जाऊन येतो" म्हटलं, तरी ती विचारायची, "उद्दिष्ट?"

गंमत एवढीच, की सरावाचे चार पाठ सोडले, तर शाळेच्या वर्गावर ती स्वतः कधी उभी राहिलीच नव्हती. शिकता शिकता ती थेट शिक्षकांची शिक्षिका झाली होती.

मग कॉलेजात नवे प्राचार्य आले. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "मुलं फोनवर जग बघून वर्गात येतात आणि आपण अजून तीच टाचणं घोटतोय. या सत्रात प्रत्येकानं शाळेत जाऊन एक वर्ग शिकवायचा. बाई, तुम्ही पाचवी घ्या."

"मी? पाचवीला?" आत्या उसळली. "मी काय शिकाऊ आहे?"

"नसाल तर अवघड जाणार नाही," प्राचार्य गोड आवाजात म्हणाले.

आत्या रंगीत तक्ते, पुठ्ठ्याची वर्तुळं आणि ठेवणीतली साडी अशी जय्यत तयारी करून गेली. त्या वर्गाची शिक्षिका तिचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. 'वर्गात फार हसते' असा शेरा आत्यानं जिला दिला होता, तीच. ती हसू दाबत मागच्या बाकावर जाऊन बसली.

"मुलांनो, गोल वस्तू कोणत्या?" आत्यानं टाचणाबरहुकूम विचारलं.

टाचणात उत्तर होतं: चेंडू, चाक, नाणं. वर्गातून आलं, "माझ्या मामाचं पोट!"

मग काय, पोटांची चढाओढच लागली. कसंबसं सगळ्यांना गप्प करून आत्या अपूर्णांकावर आली आणि वर्तुळाचे दोन भाग करून म्हणाली, "हा अर्धा."

एका मुलीनं हात वर केला. "बाई, मोठा अर्धा की छोटा अर्धा?"

"अर्धा अर्धाच असतो गं."

"आमच्याकडे नसतो. मोठा अर्धा दादाला."

याला काय उत्तर द्यायचं, ते टाचणात नव्हतं. घंटा झाली म्हणून सुटली.

घरी आल्यावर तिनं तक्ते कोपऱ्यात आपटले. आतोबांनी काय झालं ते दोनदा विचारलं, तेव्हा एकदाची फणकारली, "ती मुलं माझं टाचण वाचून येत नाहीत हो!" आणि स्वतःच फिस्सकन हसली. आतोबा आधी घाबरले, मग तेही हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिनं तक्ते घरीच ठेवले. जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला कागदाची एक पट्टी दिली आणि म्हणाली, "अशी कापा, की भांडण होणार नाही." वर्गात तुंबळ भांडणं झाली. कोणी घडी घातली, कोणी वीत लावून बघितली. शेवटी 'मोठा अर्धा'वाली मुलगी ओरडली, "बाई, एकानं कापायचं आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं! मग कोण कशाला वाकडं कापेल?"

"हे मला सुचलं नसतं," आत्या म्हणाली. मागच्या बाकावरची शिक्षिका आता उघडपणे हसत होती.

त्यानंतर आत्यानं भलतंच केलं. होऊ घातलेल्या आपल्या सगळ्या शिक्षकांना तिनं वर्गात आणून मागे बसवलं. दशांश चिन्हाचा तिचा पाठ त्या दिवशी सपशेल पडला. मुलं जांभया द्यायला लागली, तशी ती मागच्या बाकांकडे बघून म्हणाली, "बुडतेय मी. बोला, काय करू?" मग त्या शिकाऊ शिक्षकांतला एक लाजाळू मुलगा उठला आणि त्यानं वर्गातल्या मुलांनाच एकमेकांची उंची मोजून मीटरमध्ये लिहायला लावली. पाठ सावरला.

सत्र संपल्यावर प्राचार्यांनी विचारलं, "झालं ना समाधान? आता परत या."

"मी येणार नाही, तुम्हीच माझा कॉलेजचा वर्ग तिकडे शाळेत पाठवा," आत्या म्हणाली.

खूप वादावादी झाली, पण अखेर ठरलं. आता शिकवण्याच्या पद्धतींचा तास शाळेतच भरतो, आधी मुलांसमोर आणि मग मुलं घरी गेल्यावर त्याच बाकांवर. आत्याचा घसा कायम बसलेला असतो. आतोबा म्हणतात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना वाक्य पूर्ण करायला मिळतंय.