गोदूबाईच्या तवशाचं बी

कुवेतच्या फैलका बेटावरच्या एका विश्रामगृहात तुकाराम नळदुरुस्तीचं काम करतो. कुडाळ सोडून अकरा वर्षं झाली, पण जूनमध्ये मिरग लागला की पेरणीसाठी त्याचे हात अजून शिवशिवतात.

यंदा तर त्याच्याजवळ आईचं बी होतं. गोदूबाई माघात गेली. तिचं तवसं, म्हणजे ती हातभर लांब पावसाळी काकडी, वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर तुकारामने चुलीवर टांगलेली राखेतल्या बियांची पुरचुंडी काढून बॅगेत घातली. राखणारी आई गेल्यावर घरी माकडं वेल ठेवणार नाहीत आणि कुवेतला माकडं नाहीत, एवढाच त्याचा विचार.

विश्रामगृहाचा स्वयंपाकी अशरफ रत्नागिरीचा, बेटावर मुरलेला. इथे भाजी हिवाळ्यात होते, ऑक्टोबरपर्यंत थांब, जूनच्या वाळूत पापड भाजतात, असं त्याने परोपरीने सांगितलं. पण गोदूबाईने मिरग कधी चुकवला नव्हता, आणि जुनं बी मागे ठेवायचं नाही हा तिचा दंडक. तुकारामने नारळ फोडून एकवीसच्या एकवीस बिया मागच्या वाळूतल्या वाफ्यात पेरल्या. शहाणा माणूस हट्टाला पेटला की त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही.

चौथ्या दिवशी नऊ कोंब वर आले. गडी हरखला. टाकीचं पाणी चटके देतं म्हणून तो ते बादलीत निववून घाली, वर गोणपाटाची सावली धरी. मग गरम वारा सुटला आणि दोन दिवसांत पानं चुरा होण्याइतकी वाळली. अशरफ येऊन शेजारी उभा राहिला. टोमणा मारायचा त्याला हक्क होता, तरी त्याने फक्त गोणपाट काढून त्याची घडी घातली, आणि तुकारामला तेच जास्त लागलं.

शुक्रवारी घरून बायकोचा, ताराचा, फोन आला. तिच्या भावाने परसाला माकडांसाठी जाळी लावून दिली होती, पण पेरायला सासूचं बी घरात उरलं नव्हतं.

"चार दाणे धाडा," ती म्हणाली. "आवयचा बी हंय एक पण रवाक नाय."

"धाडतंय," तो म्हणाला.

फोन ठेवून तो वाफ्यावर गेला. न रुजलेल्या बारा बिया तरी असतील म्हणून घमेल्यात वाळू घेऊन चाळू लागला. सात सापडल्या. बोटांत दाबून पाहिल्या तर सगळ्या पोकळ. आई म्हातारपणाने गेली, तिचं तवसं मात्र आपण मारलं, हे त्याला तिथे वाळूत बसल्यावर कळलं. उरलेल्या पाच बिया त्याने शोधल्या नाहीत.