घोडवेलीचं ठिकाण

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कंद खणणं. ती पहारीनं खणत होती, मी माती ओढत होतो. बहात्तरच्या दुष्काळात, जिंतूरकडच्या डोंगरात.

माझ्या बायकोला सगळी वस्ती वेलाई म्हणायची. तो कंद घोडवेलीचा. तिची पानं पळसासारखी, तीन-तीन. उन्हाळ्यात ती झडली की नुसता वाळका दोर उरतो. तसले छप्पन दोर रानात असतात. ही नखानं दोर खरवडायची आणि सांगायची, "जित्ता हाय." नाहीतर, "मेलाय, चला." कधी चुकली नाही.

कंद उकडला की गोडसर लागतो, दातांत दोरे अडकतात. त्या साली आमच्यासकट चार घरं त्यावर जगली. पण ठिकाण ती कुणाला सांगायची नाही, मलासुद्धा. "तुमचं तोंड म्हंजे फाटकं पोतं," म्हणायची. खोटं नव्हतं.

कंद ती सगळा काढायची नाही. वरची मुंडी वेलीसकट मातीत ठेवायची, म्हणजे पावसात पुन्हा धरते. एकदा मला ओढ्याकाठी वेल सापडली, मी मुंडीसकट उपटून आणली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "औंदा हे खाल्लं. पुढच्या साली काय माझं डोस्कं खाता?"

छातीत दुखायचं तिच्या. तो शेवटचा कंद खणला त्या दिवशी आपणहून म्हणाली, "चला, ठिकाण दावते. मी न्हाई ऱ्हायले तर ही घरं काय खातील?" मी खेकसलो, "काही बी बोलू नको." आता म्हातारा झालो, पण त्या खेकसण्याचा राग अजून माझ्यावरच आहे.

घरी येऊन तिनं कंद चुलीवर ठेवला आणि भिंतीला टेकली. कंद उकडला, ती उठली नाही. दिवस मावळायच्या आत तिला माती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची गया दारात येऊन उभी राहिली. नवरा नाही, दोन लेकरं. तिला मागवेना. मी पहार उचलली. "चल."

"दादा, आज नगा जाऊ. लोक काय म्हनतील?"

"लोकांनी खायला दिलंय का तुला?"

डोंगरात तिला ठिकाण दाखवलं. म्हणालो, "मुंडी काढलीस तर तुझी-माझी ओळख संपली." गयानं तिथल्याच दुसऱ्या वेलीखाली बेतानं खणलं, खालचा अर्धा कंद कापून घेतला, मुंडीवर दोन्ही हातांनी माती लोटली आणि शेळ्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. मग मी खाली बसलो आणि काल दुपारपासूनचं पहिलं पाणी प्यालो.