ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर

मी स्क्रीन बनवते. ॲप उघडल्यावर कुठे काय दिसावं, बटणावर कोणता शब्द असावा, चूक झाली तर माणसाला मागे कसं फिरता यावं, हे ठरवायचं माझं काम. सुरतेतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं तेच करते आहे. छोट्या धंदेवाल्यांसाठी ऑनलाइन साधन बनवायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्यात बिल बनवायचं, समोरच्याला पाठवायचं, पैसे बँकेत जमा झाले की त्याच बिलापुढे खूण यायची. पुढेमागे कर्ज हवं असेल तर हीच नोंद दाखवता यायची. आमचे साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे, इतकं सोपं पाहिजे की कुणाला विचारावं लागू नये.

चाचणीसाठी त्यांनी रिंग रोडच्या कापड मार्केटमधली काही दुकानं सुचवली. दोन दिवस मी तिथे फिरले. पण त्या शेठ लोकांकडे हिशोबाला माणसं होती. ते मला चहा पाजायचे आणि फोन मुनीमजींच्या हातात द्यायचे. तिसऱ्या दिवशी मी कुणालाही न सांगता शहराच्या कडेच्या गोडादऱ्याला गेले. मी तिथेच वाढले. वडील पॉवरलूमवर कामाला होते. आमच्यापासून दोन घरं सोडून एक काकू राहायच्या, धुळ्याकडच्या. अजूनही तिथेच आहेत. मार्केटमधून साड्या आणायच्या, गल्लीतल्या दहा-बारा बायकांना लेस लावायला वाटून द्यायच्या आणि तयार माल मोजून परत पोचवायचा, हा त्यांचा धंदा. घरात मात्र त्याला कुणी धंदा म्हणत नाही. 'ती साड्यांचं करते', एवढंच म्हणतात.

काकूंच्या हातात फोन दिला आणि मी मुद्दाम गप्प बसले. 'इन्व्हॉइस' या शब्दावर त्या अडल्या, मग म्हणाल्या की सरळ बिल लिहायला काय झालं होतं. मी वहीत टिपून घेतलं. पुढे 'व्यवसायाचं नाव' असा रकाना आला आणि त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, रकाना समजला नाही.

"आठे मनं नाव टाकं त चालई का?" त्यांनी हळूच विचारलं. "त्यासनं नही, मनं."

त्यासनं म्हणजे काकांचं, त्यांच्या नवऱ्याचं. चालेल म्हटलं. त्यांनी एकेक अक्षर शोधून स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यापुढे 'साडी लेस काम'. वरती ठळक अक्षरांत त्यांचं नाव असलेलं बिल तयार झालं. त्यांनी फोन हात लांब करून धरला आणि पाहत राहिल्या. मार्केटमधला दुकानदार नेहमी नग कमी आले म्हणायचा आणि त्यांची वही ग्राह्य धरायचा नाही, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. असं छापल्यासारखं बिल त्यांना कधीपासून हवं होतं.

मग बँकेचं खातं जोडायची वेळ आली. खातं काकूंच्याच नावावर होतं, पण ते उघडलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता, काकांचा. ओटीपी तिकडे गेला. काका पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. मशीनजवळ मोबाइल नेऊ देत नाहीत, तो गेटपाशी टिफिनच्या पिशवीत राहतो. आमच्या स्क्रीनवर दोन मिनिटं उलटी मोजली जात होती. काकूंनी फोन लावला, तो वाजत राहिला. परत ओटीपी मागवला, परत तेच. तिसऱ्यांदा झाल्यावर ॲपने सांगितलं की आता उद्या प्रयत्न करा.

"मनं काही चुकनं का?" काकूंनी विचारलं.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती. माझ्या चाचणीच्या फोनवर मी ॲप आधीच उघडून दिलं होतं, पण एरवी त्यात आत शिरायलाही तोच नंबर लागायचा, बँकेत दिलेला, आणि दर वेळी नवा ओटीपी. म्हणजे काकूंना बिल बनवायचं तर आधी काका मोकळे हवेत.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. उपायही घेऊन गेले होते: आत शिरायला बाईचा स्वतःचा नंबर चालू दे, बँकेचा ओटीपी फक्त खातं जोडताना एकदाच मागायचा. दोन स्क्रीन कागदावर काढूनही नेल्या होत्या. कोड लिहिणाऱ्या मुलांनी सुरक्षेचं कारण सांगितलं. मी विचारलं, नेमका धोका कुठला? साहेबांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, "अशा बायका असतील किती? बँकेत नंबर बदलून घेतील. ते आपलं काम नाही." मग पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. त्यानंतर तासभर बटण हिरवं ठेवायचं की निळं यावर चर्चा झाली. ते ठरवण्यात आमचे चार दिवस गेले. मी चारही दिवस हिरवी-निळी बटणं बनवली आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडले, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

काकांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना कळल्यावर त्यांनीच तोडगा काढला. दुपारी एकला जेवणाची सुट्टी होते, तेव्हा ते गेटवर येऊन मोबाइल हातात घेऊन बसतील. काकूंनी एकच्या ठोक्याला ओटीपी मागवायचा, त्यांनी फोनवर आकडे सांगायचे. हे जमलं. काकू आत शिरल्या, बिल काढायला घेतलं. तेवढ्यात एक बाई तयार साड्या घेऊन आली. काकूंनी फोन खाली ठेवला, साड्या उलगडून लेस तपासली, नग मोजले. परत येऊन पाहतात तर ॲप बंद झालेलं. काका तोवर आत गेले होते.

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मला लाज वाटली. दहा मिनिटं हात लागला नाही तर ॲपने आपोआप बाहेर काढायचं, हे मीच ठरवलं होतं. ऑफिसात खुर्चीवर बसून. दहा मिनिटं खूप होतात, असं मला वाटलं होतं. घरी बसून काम करणाऱ्या बाईला सलग दहा मिनिटं कोण देतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आईने माझ्यासमोर वर्षानुवर्षं तसंच काम केलं होतं.

ती वेळ मी अर्ध्या तासावर नेली. तेवढं माझ्या हातात होतं. बाकीच्यासाठी एक दिवस रजा टाकली आणि काकूंबरोबर बँकेत गेले. तिथे कळलं, ओळखपत्राशीही काकांचाच नंबर जोडलेला आहे, आधी तो बदला. रजा एका दिवसाने वाढवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखपत्राच्या केंद्रावर रांग लावली. आमचा नंबर आला तेव्हा काकूंच्या बोटांचे ठसे उमटेनात. सुई-दोऱ्याने बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. तिथल्या मुलीने कापडाने काच पुसली, एकेक बोट परत परत ठेवायला लावलं, शेवटी पुन्हा या म्हणाली. तिचाही दोष नव्हता. दोष कुणाचाच नाही, या गोष्टीनेच मला सगळ्यात जास्त वैताग आला. भांडायचं तरी कुणाशी?

रिक्षात काकू आपली बोटं बघत होत्या. त्या दिवशी त्यांच्या गल्लीत माल वाटला गेला नव्हता आणि बायका रिकाम्या बसल्या होत्या. आता राहू दे, वहीच बरी, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना थांबवलं नाही. समजावण्याएवढा धीर माझ्यातही उरला नव्हता.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. रोज झोपण्याआधी बोटांना तेल चोळत होत्या, म्हणाल्या, आता परत जाऊ. या खेपेला अंगठा लागला. ओळखपत्रावरचा नंबर बदलला, मग बँकेत दोन खेपा झाल्या आणि एकदाचा ओटीपी काकूंच्या मोबाइलवर आला. दुकानदाराला पाठवलेलं पहिलं बिल त्यांनी मलाही पाठवलं. त्याने ते घेतलं, पण आपल्या चिठ्ठीवरही सही करून दे म्हणाला. म्हणजे काम कमी झालं नाही, एकाने वाढलंच. तरी नगांची तक्रार त्यानंतर झाली नाही, असं काकू सांगतात.

पुढची आवृत्ती आली. बटण निळं झालं. माझ्या दोन स्क्रीन त्यात नव्हत्या. मी विचारलं तर साहेब म्हणाले, यादीत आहे.

मागच्या रविवारी काकूंनी समोरच्या गल्लीतल्या एका बाईला माझ्याकडे पाठवलं. ती ब्लाउज शिवते, हाताखाली तीन बायका आहेत. ॲप शिकव म्हणाली. मी फोन उघडलाच नाही. आधी विचारलं, बँकेत नंबर कुणाचा आहे. मिस्टरांचा, ती म्हणाली. मी कागद घेतला आणि कुठल्या वारी केंद्रावर रांग कमी असते, सोबत काय काय न्यायचं, बँकेत कुठला फॉर्म मागायचा, सगळं लिहून दिलं. बोटांना तेल लावायचंही सांगितलं. ती विचारत होती की एवढं सगळं ॲपमध्येच का नाही करून ठेवलं. मी म्हटलं, यादीत आहे, आणि कागदाच्या तळाशी माझा फोन नंबर लिहून दिला.