हिल्डा डाबरेने न केलेली सही

हिल्डा डाबरे चिडकी आहे असं आमच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. ती चिडकी नव्हती. तिला जे दिसत होतं ते आम्हालाही दिसत होतं, पण आम्ही डबा खाऊन पुन्हा कामाला लागायचो. ती लागत नव्हती.

वालीवला आमचा प्लायवूडचा कारखाना. हिल्डा तिथे केमिस्ट, आणि मी, विनया, तिच्या हाताखाली चाचण्यांच्या नोंदी ठेवणारी. ती वसईच्या वाडीवाल्यांच्या घरातली. वडील केळी आणि पानवेली लावायचे. त्या घरात बी.एस्सी. झालेली ती पहिलीच. मी लग्न होऊन चंदनसारला आलेली, टायपिंगच्या जोरावर नोकरी मिळालेली. रसायनातलं जे काही मला कळतं ते तिनेच शिकवलं, तेही ओरडून.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे गोंद लावून एकावर एक ठेवायचे आणि गरम प्रेसमध्ये दाबायचे. आमचा गोंद फॉर्मलडिहाइडचा होता. प्रेस उघडली की वाफ निघायची आणि डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं. प्रेसवर आत्माराम होता, मालवणकडचा, पंधरा वर्षं त्याच जागी. त्याचे डोळे कायम तांबडे. नव्या माणसाला वाटायचं, हा पिऊन आलाय. २००३ च्या उन्हाळ्यात एक दिवस त्याच्या नाकातून रक्त आलं आणि समोरच्या तक्त्यावर पडलं. सुपरवायझरने तक्ता बाजूला काढला, डाग लागला म्हणून. आत्मारामला कोणी बाजूला काढलं नाही.

हिल्डा तशीच मालकांच्या, विघ्नेशसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. वडिलांकडून कारखाना हातात आला त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तिने प्रेसवर वाफ ओढून घेणारे पंखे मागितले.

"पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणाले. "आणि मॅडम, त्याला सवय आहे."

"सवय त्याला नाही, तुम्हाला झालीय," हिल्डा म्हणाली आणि बाहेर आली.

पंखे मिळणार नाहीत हे कळल्यावर तिने गोंदच बदलायचं ठरवलं. पूर्वी सोयाबीनच्या पिठाने प्लायवूड चिकटवत असत, असं तिने कॉलेजात वाचलं होतं. तेल काढून उरलेल्या पेंडीचं ते पीठ. त्यातलं प्रथिन कॉस्टिक सोडा आणि चुन्याच्या पाण्यात उलगडतं आणि चिकट होतं. पण असा तक्ता भिजला की सुटतो, म्हणून तो गोंद मागे पडला होता. हिल्डा चौदा महिने त्या एका दोषाच्या मागे लागली. कालवलेलं पीठ दुसऱ्या दिवशी आंबून असं घाण मारायचं की बाकीचे लोक नाकाला रुमाल लावून आमच्या दारावरून जायचे. पाणी जास्त झालं की प्रेसमध्ये वाफ कोंडायची आणि तक्ता पोटफुगी झाल्यासारखा फुगायचा. कमी झालं की पिठाच्या गुठळ्या राहायच्या. शेवटी तिने कागदगिरणीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून एक रसायन आणलं. ओला कागद फाटू नये म्हणून ते लगद्यात घालतात. तेच तिने पिठात घातलं.

त्या गोंदाने चिकटवलेला तुकडा आम्ही तीन वेळा भिजवला, तीन वेळा वाळवला. मग हिल्डाने पापुद्र्यांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून जोर लावला. लाकूड फाटलं, जोड सुटला नाही. मला वाटलं, आता तरी ही हसेल. ती म्हणाली, "चल, प्रेसवर लावून बघू."

आत्मारामने पहिला गठ्ठा काढला. वाफ आली तसं त्याने सवयीने तोंड फिरवलं, मग हळूच परत वळवलं आणि तिथेच उभा राहिला.

"बाय," तो म्हणाला, "पिठल्याचो वास येता."

पुढचे सहा महिने कारखान्यात हिल्डाला मान होता. साहेब गिऱ्हाइकांना तिच्या खोलीत घेऊन यायचे. लहान मुलांच्या शाळा चालवणाऱ्या एका संस्थेला विषारी वायू न सोडणारं फर्निचर हवं होतं. आमचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पास झाले आणि त्या फर्निचरच्या तक्त्यांची ऑर्डर मिळाली. हिरव्या पानाचं चित्र असलेली लेबलंही छापून आली.

एका सोमवारी हिल्डा गोदामात शिरली आणि दारातच थांबली. लेबलं लावलेले तक्ते रचून ठेवले होते. तिने एक ओढला, कडेला नाक लावलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडली नव्हती ती. तो जुनाच गोंद होता.

सोयाबीनच्या गोंदाला प्रेसमध्ये दुप्पट वेळ लागायचा. साहेबांना माल लवकर द्यायचा होता. ती रजेवर होती तेवढ्या चार दिवसांत त्यांनी सगळी ऑर्डर जुन्या गोंदात काढून घेतली होती.

तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मीही होते, कारण माल नव्या गोंदाचा आहे असा शाळेला द्यायचा दाखला मी टाइप केला होता. त्यावर केमिस्टची सही हवी होती.

"नमुना पासच आहे ना?" साहेब म्हणाले. "भावना बाजूला ठेवा."

हिल्डाने पेन घेतलं. दाखल्यावर आडवं लिहिलं, 'हा माल माझ्या गोंदाचा नाही.' सही केली नाही. कागद टेबलावर ठेवून ती निघून गेली.

साहेबांनी कागद फाडला आणि माझ्याकडे बघितलं. "दुसरा टाइप करा. केमिस्टच्या जागी सहायक लिहा, आणि सही करा."

मी केली. कोणी माझा हात धरला नव्हता. नोकरी जाईल एवढंच डोक्यात होतं. आज कोणी तशी सही मागितली तर मी त्याला सोडणार नाही, पण त्या दिवशी मी दोन मिनिटांत दाखला टाइप केला आणि सही करून टाकली.

हिल्डा माल गेलेल्या शाळेत गेली. हे मला नंतर आत्मारामने सांगितलं. तिने त्याला साक्षीला बरोबर नेलं होतं. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या बोलल्या, चहा दिला. हिल्डाने त्यांना दोन दिवस बंद असलेलं खेळण्यांचं कपाट उघडायला लावलं. बाईंनी आत वाकून बघितलं आणि डोळे चोळत मागे सरल्या.

"नव्या रंगाचा वास असेल," त्या म्हणाल्या.

"रंग नाही, गोंद आहे. त्यातला वायू वर्षभर सुटत राहील. तीन वर्षांची मुलं आहेत तुमची."

"आमच्याकडे दाखला आहे. शुक्रवारी उद्घाटन आहे. खिडक्या उघड्या ठेवू आम्ही."

हिल्डाने आत्मारामकडे बघितलं. तो बोलणार होता, असं तो मला म्हणाला. पण तो हातातला चहाचा कप ठेवायला जागा शोधत राहिला. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर हिल्डा त्याला म्हणाली, "पंधरा वर्षं तुझ्या घशात गेलं ते तुला एकदा बोलता आलं नाही?" आणि एकटीच चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिला काढलं. खोलीतलं सामान घ्यायला आली तेव्हा मी उभी राहिले. तिला सहीचं कळलं होतं. तिने तिचा ॲप्रन घेतला, चष्मा घेतला, आणि मी टेबल असावं तशी माझ्या बाजूने निघून गेली. पुढची दोन वर्षं तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

त्या दोन वर्षांत तिने जे केलं ते आमच्या वालीवमध्ये कोणी केलं नव्हतं. गोंदाची सगळी कृती तिने मराठीत आणि हिंदीत हाताने लिहून काढली. पीठ किती, पाणी किती, चुना कधी, प्रेस किती वेळ. त्याच्या झेरॉक्स काढून तिने छोट्या-मोठ्या प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवल्या. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'हे जमतं. जमत नाही असं सांगणारा खोटं बोलतो.' कोणी फाडल्या की दुसऱ्या दिवशी नव्या लावायची. बहुतेकांनी वाचल्याही नाहीत. एकाने तो कागद डब्याखाली अंथरायला घेतला, त्याच्याशी तिचं रस्त्यात भांडण झालं.

दारं बनवणाऱ्या मेलरॉयने मात्र त्या कृतीने पाच दारं करून पाहिली आणि मग तिलाच कामावर ठेवलं. हे कळल्यावर आमच्या साहेबांनी त्या दोघांना वकिलाची नोटीस धाडली. कृती कारखान्याच्या मालकीची आहे, वापर ताबडतोब थांबवा.

वकिलाला द्यायचा नोटिशीचा मसुदा मीच टाइप केला होता. शेवटच्या ओळीपर्यंत केला, आणि मग मला माझीच किळस आली. त्या संध्याकाळी मी घरी बसून सगळं लिहिलं: माल कोणत्या गोंदाचा होता, दाखला कसा झाला, सही कोणाची. राजीनामा वेगळ्या कागदावर. दुसऱ्या दिवशी मेलरॉयच्या शेडवर गेले. हिल्डा ड्रममध्ये पीठ घोटत होती. तिने हात पुसून कागद वाचला, अगदी सावकाश.

"मी माफी मागायला..." मी सुरू केलं.

"ती नको," ती म्हणाली. "ह्यावर तारीख नाही. तारीख घाल आणि नोटरी करून आण."

मी करून आणलं. तिच्या वकिलाने त्याची प्रत जोडून उत्तर धाडलं, की हिशेब कोर्टातच करू, आणि शाळेच्या संस्थेलाही तिथे बोलावू. कारखान्याकडून पुन्हा काही आलं नाही. शाळेलाही तीच प्रत गेली. त्यांनी कपाटं काढली की नाही, ते आम्हाला कोणी कळवलं नाही. हिल्डाने तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही.

आत्मारामला दम लागायला लागला तेव्हा तो गावी निघून गेला. कारखान्याने त्याला शाल आणि नारळ दिला.

मी आता मेलरॉयकडे चाचण्या बघते. पावसाळ्यात गोंद लवकर आंबतो. गेल्या आठवड्यात वास थोडा बदलला होता, तर हिल्डाने अख्खा ड्रम ओतून दिला आणि झाकण उघडं ठेवलं म्हणून मला सगळ्यांसमोर झापलं. जेवायला ती वेगळी बसते. माझ्याशी बोलते, कामापुरतं.