गोलनंतर कान देणारा

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या आमच्या संडे लीगच्या हौशी फुटबॉल टीममध्ये एक तुर्कमेन स्ट्रायकर होता. आधी स्वतःच्या देशात, मग कझाकस्तानात पगारावर खेळलेला. इथे आठवडाभर वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायचा. नाव कुणाला झेपेना, म्हणून सगळ्यांचा नुसता 'मेट', म्हणजे दोस्त. गोल मारला की नाचायचा नाही. मान तिरकी करून क्षणभर उभा राहायचा.

"काय ऐकतोस रे?" एकदा मी विचारलंच.

"तिकडे गोल झाला की रेडिओवर माझं पूर्ण नाव घ्यायचे. आई घरी ऐकायची."

आठवडाभर मी ते नाव घोकलं. मी टीमतर्फे लाइन्समन, आणि लाइन्समनने कुणाची बाजू घ्यायची नसते. तरी पुढच्या गोलला झेंडा टाकून बेंबीच्या देठापासून ओरडलो. तो चिखलातच मटकन बसला.

ते नाव इथे लिहीत नाही. कागदावर ते पुटपुटल्यासारखं वाटतं.