स्वस्तातली वाइन आणि आईची भजी

मंडळी, आज दुपारी नाशिकहून सेनगावजवळच्या आमच्या तांड्यावर आले. टॉवेलात गुंडाळून स्वस्तातली वाइन आणली होती. पोरीनं बाटली आणली म्हणून बापू चिडतील, या भीतीनं हळूच काढली.

पण बापूंनी स्टीलचा ग्लास पुढं केला. भरल्यावर त्यात बोट बुडवलं, देवीच्या नावानं दोन थेंब जमिनीवर शिंपडले, मग घोट घेतला. "आंबट हाय, पण चालतंय."

आई चुलीपाशी भजी काढून राहिली होती. आजवर बापूंच्या पिण्याच्या प्रत्येक बैठकीला तिनं नुसती भजीच तळली. मी तिलाही विचारलं, "घेतीस का?"

"दे इकडं," म्हणत ती पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसली. सावकाश अर्धा ग्लास संपवला अन् बापूंना म्हणाली, "उठा. आता भजी तुमी काढा."

बापू उठले!

तुमच्याकडं ग्लास भरल्यावर चुलीपाशी कोण असतं?