मुंगळ्यांच्या चिंचेचा वाडगा

मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. पार्टवर चीर दिसली की लाल मार्करनं फुली मारायची, हा माझा रोजचा उद्योग. त्याच हातानं मी एकदा भलताच घोळ घातला.

चिंचवड गावठाणात आमच्या शेजारी एक काका राहतात. उभा जन्म लोखंड कापलेले टर्नर. निवृत्त झाल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये लेथ बसवून लाकूड कातायला लागले. त्यांच्या मळ्यातली चिंच रस्ता रुंद करताना गेली. झाड तोडायच्या कागदावर सही काकांनी केली, काकूंना न विचारता. तेव्हापासून काकू त्यांच्याशी बोलेनात. ताट वाढायच्या, पण तोंडातून शब्द नाही. त्याच चिंचेचा वाडगा करून काकूंना द्यायचा, एवढंच काकांच्या मनात होतं. ओंडका एकच उरलेला, तोही तडकलेला, आतून पोखरलेला.

निम्मा कातलेला वाडगा त्यांनी मला बघायला दिला. मी फिरवून बघितला आणि देवाशपथ, नुसत्या सवयीनं, खिशातला मार्कर काढून मोठ्या भोकाशेजारी फुली मारली! शाई लगेच लाकडात मुरली.

"अगं ए! ही काय तुझी कंपनी हाय व्हय?" काका ओरडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाई जाईपर्यंत कातायचं तर वाडगा पातळ होणार, चिरा फाकणार. म्हणून काकांनी आधी रेझिनमध्ये भुसा कालवून चिरा बुजवल्या, दोन दिवस वाळू दिल्या. मग पटाशी इतक्या हलक्या हातानं लावली, की मी श्वास रोखून उभी. आवाज जरा बदलला की लेथ बंद, बोटानं टिचकी, मग पुन्हा सुरू. काय हात आहे राव त्या माणसाचा! आमची अख्खी लाइन एकीकडे आणि हा म्हातारा एकीकडे.

फुली गेली. मोठं भोक मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

"तेही भरा की," मी म्हटलं.

"न्हाई. झाड व्हतं ते, बादली न्हाई."

जवसाचं तेल चोळल्यावर लाकूड असं उजळलं, की बघत राहावं. काकांनी वाडगा घरात नेऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर काकूंसमोर ठेवला आणि उगाच खिडकीबाहेर बघत उभे राहिले. काकूंनी वाडगा उचलला, भोकात बोट घातलं.

मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "हितं मुंगळे असायचे. कुटं गेलं असत्याल वो ते?"